उपग्रहाआधी सिम्युलेटर: दिशादर्शन चाचणी उपग्रहाच्या भू-नियंत्रणाची तयारी

26 जानेवारी 2016 रोजी अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीतला एक जुना उपग्रह सेवेतून काढण्यात आला. त्या कामात जमिनीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये गडबड झाली. जागतिक प्रमाणवेळेशी मेळ घालण्यासाठी उपग्रह जो आकडा प्रसारित करतात, तो सुमारे 13 मायक्रोसेकंदांनी चुकीचा गेला. स्थाननिश्चितीला धक्का लागला नाही, पण जीपीएसवरून वेळ घेणाऱ्या दूरसंचार यंत्रणांनी अनेक ठिकाणी धोक्याचे इशारे दिले. जुलै 2019 मध्ये युरोपची गॅलिलिओ सेवा जवळपास आठवडाभर ठप्प झाली. तेव्हाही आकाशातले उपग्रह धडधाकट होते. वेळ आणि कक्षेचे अंदाज काढणारी जमिनीवरची यंत्रणा कोलमडली होती.

दिशादर्शन उपग्रहाचा विषय निघाला की रॉकेट आणि अणुघड्याळे यांच्याबद्दल भरभरून बोलले जाते. जमिनीवर बसून त्या उपग्रहाला सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे मात्र फार कमी लोक वळतात. हा लेख त्या सॉफ्टवेअरकडे वळू पाहणाऱ्यांसाठी आहे: अभियांत्रिकी महाविद्यालयांतले उपग्रह गट, अवकाश क्षेत्रातल्या नव्या कंपन्यांत रुजू झालेले तरुण आणि त्यांना शिकवणारे प्राध्यापक. लेखाचे सांगणे एकच आहे. सिम्युलेटर, म्हणजे उपग्रहाची नक्कल करणारा प्रोग्राम, हा प्रकल्पाच्या शेवटी जोडायचा भाग नव्हे. तो सगळ्यात आधी उभा करा आणि उपग्रह निवृत्त होईपर्यंत चालता ठेवा.

चाचणी उपग्रह नेमके काय करतो?

उदाहरण म्हणून जिओव्ह-ए हा उपग्रह डोळ्यांसमोर ठेवू. गॅलिलिओ प्रणालीचा हा पहिला चाचणी उपग्रह. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या सरे सॅटेलाइट टेक्नॉलॉजी या कंपनीने तो युरोपीय अवकाश संस्थेसाठी बांधला. सुमारे 600 किलो वजनाचा हा उपग्रह 28 डिसेंबर 2005 रोजी बैकोनूरहून सोयुझ रॉकेटने झेपावला आणि 12 जानेवारी 2006 रोजी त्याने पहिला दिशादर्शन संकेत प्रसारित केला. त्याच्याकडे तीन कामे होती. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे गॅलिलिओसाठी नोंदवलेल्या वारंवारिता मुदतीत प्रत्यक्ष वापरून त्यांवरचा हक्क टिकवणे, रुबिडियमची अणुघड्याळे अवकाशात तपासणे आणि सुमारे 23,200 किलोमीटर उंचीवरच्या प्रारणाचे मोजमाप करणे. त्याच्या पाठोपाठ एप्रिल 2008 मध्ये गेलेल्या जिओव्ह-बी उपग्रहावर पॅसिव्ह हायड्रोजन मेसर हे त्याहून स्थिर घड्याळ होते.

या यादीतून आपल्या कामासाठी पहिला धडा निघतो. चाचणी उपग्रह कोणालाही रस्ता दाखवत नाही. त्याची कमाई म्हणजे त्याने पाठवलेली मोजमापे. त्यामुळे आलेला कच्चा डेटा जसाच्या तसा, एक बाइटही न बदलता साठवा. अर्थ लावलेले आकडे वेगळ्या ठिकाणी ठेवा. उद्या तापमानाच्या रूपांतराचे सूत्र चुकलेले आढळले, तर जुना कच्चा डेटा नव्या सूत्रातून पुन्हा चालवता आला पाहिजे. ही सोय पहिल्या दिवशी केली तर सोपी असते. दोन वर्षांनी करायला गेलात तर जवळपास अशक्य होते.

भू-नियंत्रणाचे दोन भाग वेगळे ठेवा

दिशादर्शन उपग्रहाच्या भू-व्यवस्थेत दोन स्वतंत्र कामे चालतात. पहिले काम उपग्रहाला जिवंत ठेवण्याचे. टेलिमेट्री घ्यायची, बॅटरी आणि तापमान पाहायचे, आदेश पाठवायचे, कक्षा सुधारायची. दुसरे काम दिशादर्शनाचे. जगभरच्या स्थानकांनी ऐकलेल्या संकेतांवरून उपग्रह नेमका कुठे आहे आणि त्याचे घड्याळ किती पुढे-मागे आहे, हे काढायचे. जिओव्हच्या वेळी जिओव्ह-ए गिल्डफर्डहून आणि जिओव्ह-बी इटलीतल्या फुचिनोहून चालवला जात होता. 13 प्रायोगिक संवेदक स्थानकांची मोजमापे मात्र नेदरलँड्समधल्या नोर्डवाइक इथल्या प्रक्रिया केंद्राकडे जात. भारताच्या नाविक या दिशादर्शन प्रणालीतही अशीच विभागणी आहे. बंगळुरूजवळच्या ब्यालालू इथे दिशादर्शन केंद्र आहे, तर उपग्रहांच्या नियंत्रणाची मुख्य सुविधा हसनला आहे.

तुमचा प्रकल्प कितीही छोटा असला तरी ही विभागणी पाळा. घड्याळाचा अंदाज काढणारा प्रोग्राम कोसळला म्हणून बॅटरीचा आलेख दिसेनासा होता कामा नये. दोन्ही भागांमध्ये फाइल किंवा संदेश कोणत्या स्वरूपात जाईल, एकक काय असेल आणि वेळ कोणत्या प्रमाणात लिहिली जाईल, हे एका छोट्या दस्तऐवजात लिहा. त्यावर दोन्ही गटांच्या प्रमुखांच्या सह्या घ्या.

फरक कळता कामा नये

सिम्युलेटरच्या रचनेचा मूळ नियम असा: आपण खऱ्या उपग्रहाशी बोलतो आहोत की सिम्युलेटरशी, हे नियंत्रण सॉफ्टवेअरला कळता कामा नये. त्यासाठी दोघांमधली सीमा काळजीपूर्वक आखावी लागते. नियंत्रण सॉफ्टवेअर ज्या जोडणीतून भू-स्थानकाला आदेश देते, त्याच जोडणीच्या पलीकडे सिम्युलेटर बसवा. नियंत्रण सॉफ्टवेअरच्या आत ‘सिम्युलेशन चालू असेल तर हे कर’ अशी एकही अट लिहू नका. अशी प्रत्येक अट म्हणजे न तपासलेली एक वाट असते.

सीमेवरची भाषा स्वतः शोधून काढायची गरज नाही. अवकाश डेटा प्रणालींसाठीच्या सीसीएसडीएस या आंतरराष्ट्रीय समितीची मानके मोफत मिळतात. त्यांतले स्पेस पॅकेट हे सहा बाइटच्या शीर्षकाने सुरू होते. त्यात पॅकेट कोणत्या प्रक्रियेचे आहे ते सांगणारा 11 बिटचा क्रमांक, 14 बिटचा अनुक्रमांक आणि 16 बिटची लांबी असते. दोन जागी नवखे हमखास अडखळतात. लांबीच्या जागी मजकुराचे बाइट वजा एक लिहायचे असते आणि अनुक्रमांक 16,383 नंतर पुन्हा शून्यावर येतो. सिम्युलेटर सुरू होताना अनुक्रमांक 16,380 पासून चालू करा, म्हणजे हा वळणबिंदू पहिल्याच मिनिटात तपासला जाईल. आदेशांसाठी युरोपीय मानकांतली पॅकेट युटिलायझेशन स्टँडर्ड ही पद्धत अभ्यासा. तिच्यात आदेश स्वीकारला, सुरू झाला, पुढे सरकला आणि पूर्ण झाला, अशी प्रत्येक पायरीची पोच वेगळी येऊ शकते. ‘आदेश गेला’ आणि ‘आदेश पार पडला’ यांतला फरक पडद्यावर स्पष्ट दिसला पाहिजे.

आता सिम्युलेटर किती खोल असावा? युरोपीय अवकाश संस्थेच्या डार्मस्टाट केंद्रात उपग्रहाच्या संगणकाची प्रतिकृती सॉफ्टवेअरमध्ये चालवतात आणि तिच्यावर उड्डाणाचे खरे सॉफ्टवेअर जसेच्या तसे बसवतात. उपग्रहावरचा संगणक काय करेल याचा अंदाज लिहून काढण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला. अंदाजात लिहिणाऱ्याचे गैरसमज उतरतात, तर खरे सॉफ्टवेअर स्वतःच्या दोषांसकट चालते. तुम्हाला हे जमण्यासारखे असेल तर सगळ्यात आधी याच्यावर वेळ घाला.

बाकी भागांत खोली गरजेपुरती ठेवा. सौर पॅनेलची वीज आणि बॅटरीची पातळी साध्या सूत्रांनी चालेल. पण ग्रहणे अचूक हवीत. जिओव्हच्या उंचीवर उपग्रह सुमारे 14 तासांत एक फेरी पूर्ण करतो आणि ग्रहणाच्या मोसमात एका फेरीत जास्तीत जास्त जवळपास एक तास पृथ्वीच्या सावलीत असतो. तापमान त्या तासाभरात घसरते आणि घड्याळावर त्याचा परिणाम होतो. संकेताला एका दिशेने जायला 77 ते 96 मिलिसेकंद लागतात. तो विलंबही सिम्युलेटरमध्ये घाला, कारण शून्य विलंबावर उत्तम चालणारी पोचपावतीची व्यवस्था खऱ्या विलंबात कधी कधी अडकते.

घड्याळ आणि वेळ: इथे हात आखडू नका

दूरसंवेदन उपग्रहाच्या नोंदीत एक मिलिसेकंदाची चूक अनेकदा खपून जाते. दिशादर्शनात एक नॅनोसेकंद म्हणजे 30 सेंटिमीटर अंतर. त्यामुळे सिम्युलेटरमधले घड्याळ हे ठरावीक दराने पुढे जाणारे घड्याळ असून चालत नाही. त्याला सुरुवातीचा फरक, वारंवारितेचा फरक, हळूहळू सरकणारा कल, तापमानाचा परिणाम आणि यादृच्छिक गोंगाट या सगळ्या गोष्टी द्या. मग त्या घड्याळाचे ॲलन विचलन, म्हणजे त्याच्या स्थिरतेचे माप, काढा आणि घड्याळ बनवणाऱ्याने दिलेल्या आलेखाशी ताडून पाहा. दोन्ही आलेख जुळले, तरच पुढची चाचणी अर्थपूर्ण ठरते.

सापेक्षता विसरू नका. जिओव्हच्या कक्षेतले घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे 41 मायक्रोसेकंद पुढे जाते. कमी गुरुत्वामुळे ते वेगाने चालते, उपग्रहाच्या गतीमुळे थोडे मागे पडते आणि दोन्हींची वजाबाकी होऊन एवढा फरक उरतो. या परिणामाची खात्री एका चाचणी उपग्रहानेच करून दिली. 23 जून 1977 रोजी सोडलेल्या अमेरिकेच्या एनटीएस-2 उपग्रहावर सिझियमचे घड्याळ होते. त्याची दुरुस्ती करणारी यंत्रणा सोबत पाठवली होती, पण सुरुवातीचे सुमारे 20 दिवस ती मुद्दाम बंद ठेवली. घड्याळ दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जाताना मोजले गेले. त्या कक्षेसाठी सिद्धांताने सांगितलेल्या आकड्याच्या ते अगदी जवळ होते. त्यानंतर दुरुस्ती चालू केली. या प्रयोगाचा आदर्श घ्या. तुमच्या सिम्युलेटरमध्येही सापेक्षतेची दुरुस्ती चालू-बंद करायची सोय ठेवा आणि ती बंद असताना तुमची प्रक्रिया-साखळी योग्य फरक दाखवते का, ते बघा.

वेळेच्या नोंदींसाठी काही पक्के नियम पाळा.

• आतल्या सगळ्या हिशेबांसाठी एकच अखंड वेळमापन वापरा, उदाहरणार्थ आंतरराष्ट्रीय अणुवेळ. जागतिक प्रमाणवेळ किंवा भारतीय प्रमाणवेळ फक्त पडद्यावर दाखवताना काढा.

• प्रत्येक पॅकेटला निदान दोन वेळा जोडा: उपग्रहावर तयार झाल्याची आणि जमिनीवर मिळाल्याची. दोन्हींतला फरक अचानक बदलला तर इशारा द्या.

• लीप सेकंद कोडमध्ये लिहून ठेवू नका. 1 जानेवारी 2017 पासून जीपीएस वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या 18 सेकंद पुढे आहे, पण हा आकडा बाहेरच्या फाइलमधून वाचा.

• आठवडा-क्रमांकाचे वळण तपासा. जीपीएसच्या मूळ संदेशात हा क्रमांक 10 बिटचा असल्याने दर 1,024 आठवड्यांनी शून्यावर येतो. एप्रिल 2019 मध्ये तसे झाले होते. गॅलिलिओमध्ये तो 12 बिटचा आहे. सिम्युलेटरची तारीख पुढे नेऊन हे दिवस आधीच जगून घ्या.

एकाच चुकीचे दोन साक्षीदार

नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान सप्टेंबर 1999 मध्ये मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरच्या एका प्रोग्रामने इंजिनांचा आवेग पौंड-सेकंदांत लिहिला होता आणि पुढच्या प्रोग्रामने तो न्यूटन-सेकंदांत आहे असे मानले. फरक सुमारे साडेचार पटींचा होता.

सिम्युलेटर बनवणाऱ्याने या घटनेवर थांबून विचार करावा. समजा, सिम्युलेटरही तीच फाइल त्याच चुकीच्या एककात वाचत असता, तर सगळ्या चाचण्या यशस्वी झाल्या असत्या. नियंत्रण सॉफ्टवेअर आणि सिम्युलेटर एकाच स्रोतातून आपले ज्ञान घेत असतील, तर त्यांचे एकमत हा पुरावा ठरत नाही. म्हणून पॅकेटची रचना, आदेशांची नावे आणि मर्यादा एकाच डेटाबेसमधून दोघांना द्या. ते योग्यच आहे, कारण तिथे तफावत नको असते. मात्र भौतिक सत्य सिम्युलेटरने स्वतंत्रपणे मिळवावे. थ्रस्टरचा जोर त्याच्या चाचणी अहवालातून घ्या, कक्षेचे गणित दुसऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीने करा आणि शक्य असेल तर हे काम दुसऱ्या माणसाकडे सोपवा.

1996 मध्ये कोसळलेल्या एरियान-5 रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाची शिकवण याच जातीची आहे. एरियान-4 मधले मार्गदर्शनाचे सॉफ्टवेअर नव्या रॉकेटच्या खऱ्या मार्गाची मोजमापे देऊन आधी तपासलेच नव्हते. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. त्यावर आधारलेला आकडा 16 बिटांच्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. जुना भाग नव्या उपग्रहात वापरताना त्याला नव्या उपग्रहाची खरी परिस्थिती सिम्युलेटरमधून नक्की दाखवा.

जपानच्या हितोमी या क्ष-किरण दुर्बिणीची गोष्टही लक्षात ठेवा. मार्च 2016 मध्ये ती गमावली, त्या बिघाडाच्या साखळीत जमिनीवरून पाठवलेले थ्रस्टर नियंत्रणाचे चुकीचे आकडे होते. ते पाठवण्याआधी सिम्युलेटरवर तपासायला हवे होते, पण ती पायरी राहून गेली. म्हणून ही पायरी माणसाच्या स्मरणावर सोडू नका. आदेश-संच सिम्युलेटरवर चालला आणि अपेक्षित अवस्था आली, याची नोंद असेल तरच सॉफ्टवेअरने तो पाठवू द्यावा. अपवाद करायची वेळ आली तर दोन जणांची संमती आणि लेखी कारण हवे.

सराव कसा घ्यावा?

सिम्युलेटर तयार झाला की त्याचा खरा उपयोग माणसे घडवण्यासाठी करा. गटातली एक जबाबदार व्यक्ती बिघाड घडवणारी नेमा. बाकीच्यांना कोणता बिघाड येणार आहे ते आधी कळू देऊ नका. नियंत्रण कक्षात खऱ्यासारख्याच पाळ्या लावा, नोंदवही लिहायला लावा आणि सराव संपल्यावर लगेच एकत्र बसून काय घडले ते मोकळेपणाने बोला. दोष माणसाला न देता कार्यपद्धतीत शोधा.

दिशादर्शन चाचणी उपग्रहासाठी निदान एवढे प्रसंग तरी घ्या: मुख्य अणुघड्याळ बंद पडून राखीव घड्याळ चालू करणे, घड्याळाच्या वारंवारितेत अचानक उडी, प्रारणामुळे स्मृतीतला एक बिट उलटणे, ग्रहणात बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरणे, उपग्रह आपोआप सेफ मोडमध्ये जाणे, एका भू-स्थानकाची वेळ चुकणे आणि आदेशाची पोच न येणे. घड्याळाच्या प्रसंगाला हलके घेऊ नका. भारताच्या नाविक प्रणालीतल्या आयआरएनएसएस-1ए उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली होती आणि त्यानंतर भारतीय बनावटीचे अणुघड्याळ 29 मे 2023 रोजी एनव्हीएस-01 उपग्रहातून अवकाशात गेले.

सुरुवात कशाने करावी?

यासाठी लागणारी बरीच साधने खुली आणि मोफत आहेत. नियंत्रण सॉफ्टवेअर म्हणून यॅम्क्स किंवा ओपनसीथ्री कॉसमॉस घ्या. पडद्यांसाठी नासाचे ओपन एमसीटी आहे. छोट्या उपग्रहांसाठी नासाने बनवलेला एनओएस-3 हा संच तर पूर्ण नमुनाच आहे. त्यात उड्डाण सॉफ्टवेअर, कक्षा व अभिमुखतेचे गणित आणि भू-नियंत्रण अशी सगळी साखळी एका संगणकावर चालते. कक्षेच्या अभ्यासासाठी जीमॅट आणि ओरेकिट, तर दिशादर्शन संकेतांच्या प्रक्रियेसाठी जीएनएसएस-एसडीआर आणि आरटीकेलिब उपयोगी पडतात.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसमोर घरचीच उदाहरणे आहेत. पुण्याच्या सीओईपीचा सुमारे एक किलो वजनाचा स्वयम् उपग्रह 22 जून 2016 रोजी, तर आयआयटी मुंबईचा प्रथम 26 सप्टेंबर 2016 रोजी इस्रोच्या रॉकेटने गेला. प्रथमचा उद्देश आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या मोजणे हा होता. दिशादर्शन संकेताला उशीर करणारा मोठा घटक म्हणजे हेच इलेक्ट्रॉन. म्हणजे विद्यार्थ्यांचा छोटा उपग्रहही या विषयाला थेट हात घालू शकतो.

एक सावधगिरी काटेकोरपणे पाळा. संकेत ऐकणे आणि प्रसारित करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रसारणासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन शाखेची परवानगी लागते. दिशादर्शनाच्या वारंवारितेवर प्रयोग म्हणूनही हवेत काही पाठवू नका. आसपासच्या विमानांना आणि फोनना त्याचा उपद्रव होतो. सिम्युलेटरने तयार केलेला संकेत रिसीव्हरला केबलमधूनच द्या, मध्ये तीव्रता कमी करणारा अटेन्युएटर लावा आणि अँटेना जोडू नका.

पहिल्या महिन्यासाठी काम एवढेच ठेवा. पहिल्या आठवड्यात पाच टेलिमेट्री पॅकेट आणि पाच आदेश यांची व्याख्या डेटाबेसमध्ये लिहा. दुसऱ्या आठवड्यात ती पॅकेट पाठवणारा आणि आदेशांना पोच देणारा साधा सिम्युलेटर नियंत्रण सॉफ्टवेअरला जोडा. तिसऱ्या आठवड्यात कक्षा, ग्रहण आणि संकेताचा विलंब घाला. चौथ्या आठवड्यात घड्याळ घाला आणि पहिला छुपा बिघाड घडवून सराव घ्या. उपग्रहाचा सांगाडा अजून कागदावर असेल, तरी तुमच्या गटाने एक अडचण ओळखून सोडवलेली असेल.

त्यानंतर हा सिम्युलेटर मोडू देऊ नका. जिओव्ह-ए हा 27 महिन्यांच्या कामासाठी बांधला होता, पण युरोपीय अवकाश संस्थेने त्याला 2012 मध्ये निवृत्त केले आणि पुढेही कंपनीने त्याच्यावर प्रयोग चालू ठेवले. उपग्रह इतकी वर्षे टिकतात, माणसे मात्र बदलत राहतात. महाविद्यालयात तर दरवर्षी एक तुकडी बाहेर पडते. उड्डाणानंतर उपग्रहात जे काही बदलेल, जे घड्याळ थकेल, जो संवेदक चुकीचे सांगू लागेल, ते सगळे सिम्युलेटरमध्येही बदला. नव्या मुलांना पहिला आदेश त्याच्यावरच देऊ द्या. आधीची तुकडी काय शिकली, हे कोणत्याही अहवालापेक्षा त्यांना तिथे लवकर आणि नीट समजेल.